लोकप्रियतेचे ऋण : गिरीश कार्नाड यांच्या सर्जनविचारासंबंधी

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही वसाहत आज ज्या कारणांसाठी ओळखली जाते, त्यांत साहित्याचा समावेश होत नाही. तलावांच्या आणि खेड्यांच्या जमिनीवर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आखलेली ही वस्ती. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी येथे क्रीडाग्राम उभे राहिले. २००४ मध्ये फोरम या नावाने एक मोठे व्यापारसंकुल उघडले (आता त्याचे नाव बदलले आहे) आणि त्यात अकरा पडद्यांचे चित्रपटगृह आले. संगणकव्यवसायाच्या निमित्ताने पुण्या-मुंबईकडची असंख्य मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. एखादा मराठी चित्रपट रविवारी सकाळी लागला, की ती तेथे भेटतात. या कुटुंबांतील मधल्या पिढीला गिरीश कार्नाड कोण असे विचारले, तर बहुधा 'मालगुडी डेज'मधल्या स्वामीचे करडे वडील डोळ्यांपुढे येतील. तरुणांना नाकाला प्राणवायूची नळी लावलेला, 'टायगर जिंदा है'मधला हेरखात्याचा प्रमुख आठवेल. 'तुघलक'चे नाव काहींनी अभ्यासक्रमात वाचलेले असेल. पण तो लेखक आणि पडद्यावरचा हा नट एकच, हे त्यांना पुन्हा सांगावे लागेल.

विद्यापीठीय वर्तुळात याच्या नेमकी उलट स्थिती आढळते. तेथे कार्नाड म्हणजे 'ययाती', 'तुघलक', 'हयवदन', 'नागमंडल'. पडद्यावरचे कार्नाड ही एक किंचित संकोचाने उल्लेखायची गोष्ट. एकाच माणसाचे असे दोन हिशेब मांडण्यात समीक्षकांचा जितका हात आहे, तितकाच खुद्द कार्नाडांचाही आहे. चित्रपट आणि दूरदर्शन यांतून मिळालेल्या पैशामुळे आपल्याला नाटके लिहिण्याची सवड आणि मोकळीक मिळाली, असे त्यांनी अनेकदा निःसंकोचपणे सांगितले. या सांगण्यात प्रामाणिकपणा आहे आणि सोयही आहे. सर्जन एका खोलीत आणि लोकप्रिय कला दुसऱ्या खोलीत, मधले दार फक्त पैशाची देवघेव करण्यापुरते उघडायचे, अशी ही व्यवस्था. प्रश्न असा, की कार्नाडांची नाटके या व्यवस्थेला दुजोरा देतात काय?

ती देत नाहीत, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा कार्नाडांनीच लिहून ठेवला आहे. १९९४ मध्ये तीन नाटकांच्या इंग्रजी संग्रहाला त्यांनी जी प्रस्तावना लिहिली, ती भारतीय नाटककाराने स्वतःच्या निर्मितीविषयी केलेल्या चिंतनात फार वरच्या जागी ठेवावी लागेल. तिच्यात तत्त्वज्ञानाचा आव नाही. एका मुलाने काय पाहिले, त्या मुलाच्या पुढे झालेल्या लेखकाने त्यातले काय उचलले आणि काय नाकारले, एवढेच ती सांगते.

कार्नाडांचा जन्म १९३८ चा, माथेरानचा. घरची भाषा कोकणी, प्रारंभीचे शिक्षण मराठीत, बालपण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या शिरसीत, महाविद्यालय धारवाडला आणि लेखन कन्नडमध्ये. शिरसीच्या त्या दिवसांत त्यांनी दोन प्रकारचे खेळ पाहिले. एक फिरत्या नाटक कंपन्यांचा : तात्पुरत्या मांडवात, रंगवलेल्या पडद्यांपुढे, पेट्रोमॅक्सच्या उजेडात चालणारा. दुसरा यक्षगानाचा, रात्रभर उघड्यावर चालणारा. वयात येता येता ते मुंबईला आले, तेव्हा इब्राहिम अल्काझींनी दिग्दर्शित केलेले स्ट्रिंडबर्गचे 'मिस ज्युली' त्यांच्या पाहण्यात आले. त्या प्रयोगाने त्यांना हलवले, ते पात्रांच्या अंतरंगाच्या निर्दय उकलीने. आणि तितकेच, रंगमंचावरचा प्रकाश हळूहळू उजळतो आणि हळूहळू विझतो या साध्या यांत्रिक गोष्टीने. पेट्रोमॅक्सची बत्ती मंद करता येत नाही. जी कला ती बत्ती टांगून चालते, तिच्यात अंधारातून उमलणारे एकटे मन दाखवता येत नाही, हे त्या तरुणाच्या ध्यानात आले. एका साधनाने एका जगाचे दार बंद ठेवले होते आणि दुसऱ्याने ते उघडले, असा हा अनुभव आहे. सर्जनाच्या चर्चेत प्रतिभा, स्फूर्ती, संस्कार यांची नावे आपल्याकडे सरसकट घेतली जातात. दिव्याचे नाव क्वचितच घेतले जाते.

मग ऑक्सफर्डला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली, घरात ताण निर्माण झाला आणि त्या ताणातून 'ययाती' लिहिले गेले. आपण इंग्रजीत कविता करणार अशी ज्याची खात्री होती, त्याच्या हातून कन्नडमध्ये नाटक उतरले आणि तेही पुराणातले. कार्नाडांना स्वतःला याचे आश्चर्य वाटले होते. मराठी वाचकाला 'ययाती' म्हटले की १९५९ ची खांडेकरांची कादंबरी आठवणार हे उघड आहे. पण खांडेकरांना ययातीच्या भोगलालसेत आधुनिक माणसाचे रूपक दिसले, तर कार्नाडांना पुरूच्या वाट्याला आलेले वार्धक्य दिसले. वडिलांच्या पिढीने मुलाकडे मागितलेले मोल हा त्यांचा विषय. दोन वर्षांच्या अंतराने एकाच कथेच्या दोन टोकांना दोन शेजारभाषांनी हात घातला, हा तौलनिक अभ्यासाचा अजून पुरता न झालेला विषय आहे. येथे त्याचा नुसता निर्देश पुरे.

या लेखाचा खरा रोख आहे तो 'तुघलक'वर (१९६४). कन्नडमध्ये म्हणण्याजोगे ऐतिहासिक नाटक नाही, अशा आशयाची तक्रार कीर्तिनाथ कुर्तकोटी यांनी केली होती आणि तिने कार्नाडांना डिवचले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. यू. आर. अनंतमूर्ती यांनी या नाटकात नेहरूयुगाच्या आदर्शवादानंतर आलेल्या भ्रमनिरासाचे प्रतिबिंब पाहिले, हेही सर्वांना ठाऊक आहे. गेली पन्नास वर्षे देशातल्या विद्यापीठांत 'तुघलक' शिकवले जाते ते मुख्यतः या एका वाक्याच्या आधाराने. त्या मानाने कार्नाडांनी सांगितलेली दुसरी गोष्ट वर्गात फारशी पोचलेली नाही. आणि ती अधिक महत्त्वाची आहे.

पारशी कंपन्यांच्या, आणि त्यांच्या अनुकरणाने चाललेल्या देशी कंपन्यांच्या, रंगमंचावर खोलीची एक पक्की वाटणी असे. दरबार, महाल, उद्यान यांचे प्रवेश सगळा रंगमंच वापरून होत. असा भरगच्च देखावा लावायला वेळ लागे. तेवढ्या वेळात प्रेक्षक चुळबुळू नयेत म्हणून पुढच्या भागात रस्त्याचा चितारलेला पडदा सोडून त्याच्यासमोर विनोदी प्रवेश होत : नोकरचाकर, चोर, लबाड, भांडखोर नवराबायको. मराठी संगीत नाटकाच्या जाणकाराला ही योजना नव्याने समजावून सांगायला नको. पुढे हशा पिकतो आहे आणि मागे सिंहासन ठोकले जात आहे, हा अनुभव आपल्या आजोबांच्या पिढीचा आहे. म्हणजे उथळ प्रवेश हे सुतारांच्या सोयीसाठी होते. राजा मागे आणि प्रजा पुढे, राजा गंभीर आणि प्रजा हास्यास्पद, ही उतरंड त्या सोयीतूनच पक्की झाली.

'तुघलक' लिहिताना कार्नाडांनी हा सांगाडा जाणूनबुजून स्वीकारला. सुलतानाचे प्रवेश मागे. अजीज हा धोबी आणि आजम हा उचल्या यांचे प्रवेश पुढे. पण लिहिता लिहिता या पुढच्या प्रवेशांना पूर्वीसारखे वरवर उरकणे त्यांना जमेना. त्यांत जोर येत गेला, आणि महालातले प्रवेश मात्र रिकामे रिकामे होत गेले. अखेर ज्या विनोदी पात्राने पडद्यापुढेच राहायचे, ते खलिफाच्या वंशजाचा खून करून त्याच्या वेषात थेट मागच्या देखाव्यात शिरते आणि सुलतानाच्या तोडीस तोड उभे राहते. सुलतान त्याला शिक्षाही करू शकत नाही. हा मर्यादाभंग आपण ठरवून केला नाही, तो घडत गेला आणि त्या काळाच्या अराजकाचाच तो भाग आहे असे समजून आपण तो राहू दिला, अशा अर्थाचे कार्नाडांचे निवेदन आहे.

यात किती गोष्टी सामावल्या आहेत! राजकीय अर्थ आधी सुचला आणि मग त्याला रूप दिले, असे येथे झालेले नाही. बाजारू म्हणून हिणवल्या गेलेल्या रंगभूमीची एक सुतारी युक्ती लेखकाने हाताळायला घेतली आणि त्या युक्तीच्याच पोटात दडलेला अर्थ बाहेर पडला. कंपनी-नाटकात ती वाटणी नसती, तर ती मोडण्याचा प्रसंगही आला नसता. 'तुघलक'चा आधुनिकपणा त्याच्या तत्त्वचिंतक सुलतानात जितका आहे, त्याहून अधिक रस्त्याच्या पडद्यापुढून महालात शिरलेल्या धोब्यात आहे. आणि हा प्रकार घडतो कोठे? दौलताबादेत, म्हणजे आपल्याच देवगिरीत.

१९७४ मध्ये अल्काझींनी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात केलेला 'तुघलक'चा प्रयोग भारतीय रंगभूमीच्या इतिहासात भव्यतेचा मानदंड मानला जातो. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण खऱ्याखुऱ्या तटबंदीपुढे, मोकळ्या आभाळाखाली नाटक पसरले की चितारलेल्या पडद्याचा पुढचा अरुंद पट्टा उरतो कोठे? ज्या दिग्दर्शकाच्या दिव्यांनी कार्नाडांना आधुनिक केले, त्याच्याच हातून कार्नाडांचे कंपनी-नाटकाशी असलेले नाते भव्य अवशेषांत हरवले, असे म्हटल्यास ते कठोर वाटेल, पण चुकीचे ठरणार नाही.

आता थोडे मराठीकडे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, ते त्याआधी तेथे येऊन गेलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. ही मंडळी होन्नावरजवळच्या कर्कीची, म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातली. आणि त्यांचा खेळ यक्षगानाच्या घराण्यातला. शंभर वर्षांनी त्याच जिल्ह्यात, घाटाच्या वरच्या अंगाला, शिरसीत एक मुलगा तोच खेळ पाहत बसला होता. मराठी रंगभूमीचा आरंभ आणि कार्नाडांची रंगदृष्टी यांचे उगमस्थान एका जिल्ह्याइतके जवळ आहे. 'हयवदन'मधला भागवत जेव्हा मराठी प्रेक्षकापुढे उभा राहिला, तेव्हा तो पाहुणा म्हणून आला असे समीक्षेने मानले. खरे पाहता तो घरी परतला होता. पुढे १८८० मध्ये पुण्यात पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्याच वर्षी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. म्हणजे मराठी नाटकाची दोन्ही मोठी वळणे परभाषेतल्या गल्लाभरू खेळांनी घडवली. आपल्या वाङ्मयेतिहासांत या घटना नोंदलेल्या असतात, नाही असे नाही. पण त्या प्रास्ताविकात उरकल्या जातात. भाव्यांच्या परंपरेतल्या पौराणिक खेळांना तर सुशिक्षितांनी 'अलल्डुर्र नाटके' असे कुचेष्टेचे नाव दिले आणि पुढच्या पिढ्यांनी त्या नावावरच समाधान मानले.

पारशी रंगभूमीविषयी कार्नाडांची भूमिकाही सरळ नाही. तिच्यावर त्यांनी घेतलेला आक्षेप असा : मालक पारशी, लेखक बहुधा मुसलमान आणि प्रेक्षक बव्हंशी हिंदू, या रचनेत कोणाच्याच श्रद्धेच्या खोलात जाणे परवडणारे नव्हते. त्यामुळे देव असो की दंतकथेतला वीर, प्रत्येक पात्र आपल्या मुळांपासून सुटले आणि मिथके आतून पोकळ होऊन झणझणीत नाट्याची साधने बनली. निदान मार्मिक आहे. तरीही ते अर्धेच खरे मानावे लागेल. मिथक श्रद्धेपासून सुटल्याशिवाय 'ययाती'त कार्नाडांना त्याच्याकडे प्रश्नकर्त्याच्या नजरेने पाहता आले असते काय? पारशी कंपन्यांनी पुराणपुरुषाला तिकिटाच्या खिडकीवर आणून बसवले, ही अवहेलना खरी. परंतु देवळातून बाहेर पडलेल्या त्या पुरुषाशी वाद घालण्याची मोकळीक पुढच्या लेखकाला मिळाली ती तेथूनच. कार्नाडांनी या ऋणाची नोंद केली, मात्र व्याज नाकारले.

सत्तरच्या दशकात भारतीय रंगभूमीवर लोकरूपांची जी लाट आली, तिच्यात 'हयवदन' (१९७१) आणि 'घाशीराम कोतवाल' (१९७२) ही नाटके अग्रभागी होती. 'हयवदन'चे मराठी रूप चिं. त्र्यं. खानोलकरांनी केले आणि विजया मेहतांनी ते बसवले. १९८४ मध्ये त्यांनी ते जर्मनीत वायमारच्या नटसंचाकडूनही करून घेतले. कथासरित्सागरातली गोष्ट टॉमस मानच्या हाती गेली, तेथून कार्नाडांनी ती यक्षगानाच्या मांडवात आणली आणि मराठीमार्गे ती पुन्हा मानच्या भाषेत पोचली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला एवढे नेटके उदाहरण क्वचितच मिळते, आणि म्हणूनच ते फार वापरले गेले आहे.

या लाटेचे कौतुक करताना समीक्षेने एक सोयीचा भेद रुजवला. 'लोककला' आदरणीय, 'लोकप्रिय कला' संशयास्पद. दशावतारातला संकासुर अभ्यासाचा विषय झाला. पण त्याच सुमारास मुंबईच्या गिरणगावात कामगार रंगभूमीवर काय चालले होते, याकडे विद्यापीठाचे लक्ष जायला फार वेळ लागला. यक्षगानाला शिष्यवृत्त्या मिळाल्या. कंपनी-नाटक, तमाशाचे फड, बोलपट हे 'अभिरुची बिघडवणारे' म्हणून बाजूला राहिले. जे गावाकडचे, जुने आणि निनावी ते लोकांचे; जे शहरातले, चालू आणि तिकीट लावून चालणारे ते बाजाराचे. वास्तविक यक्षगानाची मंडळीही पोटासाठीच हिंडत होती. लोक कोणते आणि प्रेक्षक कोणते, हे ठरवण्याचा अधिकार अभ्यासकाने स्वतःकडे कसा घेतला, याचा विचार व्हायला हवा. शंकर नाग यांचे उदाहरण याच ठिकाणी आठवते. मुंबईच्या मराठी प्रायोगिक रंगभूमीवरून हा तरुण कार्नाडांच्या 'ओन्दानोन्दु कालदल्ली' (१९७८) या चित्रपटात आला आणि पुढे 'ऑटो राजा'सारख्या कन्नड करमणुकीच्या चित्रपटांचा नायक झाला. 'मालगुडी डेज' त्यानेच दिग्दर्शित केले. १९९० मध्ये अपघातात त्याचा मृत्यू झाला. बेंगळुरूच्या रिक्षांवर आणि रिक्षाथांब्यांवर त्याचे चित्र आजही दिसते. ही लोककला की लोकप्रिय कला, हे रिक्षावाल्याला विचारण्याची सोय समीक्षेत नाही.

कार्नाड स्वतः या भेदातून एकदा तरी पुरते बाहेर पडले आणि तो प्रसंग मराठीचा आहे. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन १९७० मध्ये ग्रंथरूपाने आले. त्याचे नाव घेतले होते अनंत माने यांच्या १९५९ च्या त्याच नावाच्या तमाशापटावरून. तो चित्रपट पुण्यात एकशे एकतीस आठवडे चालल्याची ख्याती आहे. शब्दांकन अरुण साधूंचे. या पुस्तकाच्या आधाराने श्याम बेनेगल, सत्यदेव दुबे आणि कार्नाड यांनी 'भूमिका'ची (१९७७) पटकथा लिहिली आणि तिला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. बाजारू म्हटल्या जाणाऱ्या चित्रपटातल्या एका नटीचे बोलणे, एका तरुण पत्रकाराने ते उतरवून घेणे, तिघा नाटकवाल्या-चित्रपटवाल्या पुरुषांनी त्याचा पट विणणे, आणि अखेर स्मिता पाटील यांच्या अभिनयाने त्याला अभिजात दर्जा मिळणे, या साखळीत 'सर्जक' म्हणून बोट कोणाकडे दाखवायचे? पुस्तकात हंसाबाईंचा स्वर बेफिकीर आणि कित्येकदा खट्याळ आहे. चित्रपटात तो गंभीर आणि विषण्ण झाला. गंभीर कलेने लोकप्रिय कलेकडून घेताना नेमके काय गाळले, हे पाहायचे असेल, तर हे पुस्तक आणि हा चित्रपट शेजारी ठेवून वाचावेत. तिघेही लेखक निष्णात होते. हसू मात्र त्यांच्या हातून निसटले.

कार्नाडांच्या सर्जनविचाराचे सर्वांत मोकळे रूप 'नागमंडल'च्या (१९८८) आरंभी आहे, आणि ते निबंधात नसून विनोदात आहे याला अर्थ आहे. पडक्या देवळात एक माणूस बसला आहे. एका साधूने त्याला सांगितले आहे, की या महिन्यात एक तरी रात्र पूर्ण जागून काढली नाहीस तर मरशील. त्याचा अपराध? त्याने नाटके लिहिली, ती बसवली आणि कितीतरी निरपराध माणसांना खुर्च्यांत वेडेवाकडे झोपायला लावले. तेवढ्यात गावातल्या विझवलेल्या दिव्यांच्या ज्योती गप्पा मारायला देवळात जमतात. त्यांच्यामागून एक गोष्टही येते, नेसूच्या साडीसह. ती ज्या म्हातारीला ठाऊक होती, तिने ती कधी कोणाला सांगितलीच नाही, म्हणून संधी साधून ती तिच्या तोंडातून निसटली आहे. नाटककाराला जगायचे असेल, तर त्याने ती ऐकायला हवी आणि पुढे सांगायला हवी.

ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कन्नड लोककथांवर हे नाटक उभे आहे. कार्नाड शिकागोला असताना ते आकाराला आले. या प्रस्तावप्रवेशात प्रेक्षकाला झोप लागणे हे पाप ठरले आहे. आपल्याकडे 'प्रेक्षकशरण' हा शब्द शिवीसारखा वापरतात, आणि प्रेक्षकाला न कळणे ही काही काळ प्रतिष्ठेची गोष्ट होती. त्या वातावरणात एका ज्येष्ठ नाटककाराने स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. शिवाय गोष्ट ही लेखकाची मालमत्ता नाही, लेखक तिचा एक थांबा आहे, हे त्याने मान्य केले. ज्योती घरोघरच्या, गोष्ट म्हाताऱ्या बाईची, जीव मात्र लेखकाचा पणाला लागलेला. रंजन हे सर्जनाच्या बाहेरचे आमिष नसून सर्जनाच्या जिवावरची अट आहे, एवढे स्पष्ट विधान त्यांच्या कोणत्याही मुलाखतीत सापडणार नाही.

याच लेखकाने सतरा वर्षांनी 'ओडकलु बिंब' (२००५) लिहावे, हे थोडे चकित करणारे आहे. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत मंजुला नायक ही कन्नड कथालेखिका आली आहे. तिच्या इंग्रजी कादंबरीने जगभर नाव आणि पैसा मिळवला आहे. भाषण संपते, ती निघते, आणि पडद्यावरची तिचीच प्रतिमा तिला थांबवून उलटतपासणी घेऊ लागते. कळते ते असे, की कादंबरी तिची नाही. चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या तिच्या मृत बहिणीची, मालिनीची आहे. कोरमंगलासारख्या वस्तीतल्या कोणत्याही घराला ओळखीची वाटावी अशी ही माणसे. घरात एक भाषा, कामावर दुसरी, प्रतिष्ठा तिसऱ्याच हिशेबाने. नाटकाची बांधणी चोख आहे आणि अभिनेत्रीला त्यात मोठा वाव आहे. तरी विचार म्हणून ते 'नागमंडल'च्या मागे जाते. 'नागमंडल'मध्ये गोष्टीचे हस्तांतरण हा जीवनधर्म होता. येथे ते चोरीत रूपांतरित झाले. बाजारात यशस्वी झालेले लेखन मुळात दुसऱ्याचे असणार, खरी प्रतिभा बंद खोलीत मरणार, हा जुनाच रोमँटिक समज या नाटकाने नव्या यंत्रासह परत आणला. स्वतःची नाटके स्वतःच इंग्रजीत नेणाऱ्या लेखकाला मंजुलावर होणारा आरोप परका नसणार. त्या अस्वस्थतेचा हा परिणाम असावा.

पोशिंद्यासाठी भाषा बदलणे हे या शहराला नवे नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या बेंगळुरूच्या दरबाराशी निगडित असलेल्या जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू'त अनेक भाषांतली रचना गुंफली. १९२२ मध्ये राजवाड्यांनी तो ग्रंथ प्रसिद्ध केला. जयरामाला कोणी भाषाद्रोही म्हटल्याचे आढळत नाही. राजाश्रयासाठी केलेले बहुभाषिकत्व विद्वत्ता ठरते आणि ग्राहकासाठी केलेले तडजोड ठरते. यात भाषेपेक्षा पैसे देणाऱ्याच्या दर्जाचा विचार अधिक दिसतो.

कार्नाडांनी शेवटच्या पर्वात या प्रश्नाकडे आणखी एकदा वळून पाहिले. 'बेंद काळु ऑन टोस्ट' (२०१२) हे बेंगळुरूवरचे नाटक. वाट चुकलेल्या बल्लाळ राजाला म्हातारीने उकडलेले दाणे दिले म्हणून गावाचे नाव 'बेंदकाळूरु' पडले, या आख्यायिकेवरून हे शीर्षक आले आहे. आख्यायिका खोटी आहे. कोरमंगलापासून काही मैलांवर बेगूरला इ. स. ८९० च्या सुमाराचा वीरगळ आहे आणि त्यावर बेंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे. म्हणजे होयसळ बल्लाळाच्या सुमारे तीन शतके आधीच हे नाव रूढ होते. कार्नाडांनी शीर्षकासाठी निवडली ती वीरगळावरची लढाई नव्हे, म्हातारीची गोष्ट. आणि तीही टोस्टवर, म्हणजे परक्या न्याहरीच्या बशीत वाढून. या नाटकात मोलकरीण, गृहिणी, परदेशी नोकरीच्या आमिषाने हातची नोकरी सोडणारा मध्यमवर्गीय पुरुष, सारे एकाच पातळीवर वावरतात. मागचा महाल आणि पुढचा रस्ता असा भाग उरलेलाच नाही. 'तुघलक'मध्ये धोबी महालात शिरला, तेव्हा तो मर्यादाभंग होता. येथे महालच नाही, म्हणून मर्यादाही नाही. आणि त्यामुळे नाटकही काहीसे विस्कळीत झाले आहे. मराठीत मोहित टाकळकर यांनी ते 'उणे पुरे शहर एक' या नावाने पुण्याचे करून आणले. ते पुण्याचे होऊ शकले, यातच शहरांविषयीचे भाष्य आले.

१० जून २०१९ रोजी बेंगळुरूत कार्नाडांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधी झाले नाहीत, अंत्यदर्शनाची रांग लागली नाही, सरकारी मानवंदनाही घेतली गेली नाही. आयुष्यभर प्रेक्षकांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने हा एक प्रवेश प्रेक्षकांविना करायचे ठरवले होते. त्या दिवशी अनेक बातम्यांच्या मथळ्यांत ज्ञानपीठाच्या आधी 'टायगर जिंदा है' होते. साहित्यिकांना त्याचा राग आला, आणि तो समजण्याजोगा आहे. पण रस्त्याच्या पडद्यापुढच्या पात्राने मागच्या देखाव्यात शिरून मध्यभागी उभे राहण्याचा हा प्रकार कार्नाडांना अनोळखी वाटला नसता. पंचावन्न वर्षांपूर्वी त्यांनीच तो लिहिला होता. तेंडुलकरांच्या मराठी 'तुघलक'मध्ये अजीज आणि आजम कोणत्या मराठीत बोलतात, त्या मराठीत सोंगाड्या किती आणि कंपनीचा विनोदी नट किती, हे मात्र संहिता पुढ्यात घेऊन कोणीतरी तपासायला हवे.